मामंजींचं प्रस्थान

माझे सासरे जागचे हलत नसत. मी त्यांना मामंजी म्हणायची. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा त्यांनी गावची वेस ओलांडल्याला अठरा-वीस वर्षं झाली होती, असं सासूबाई सांगायच्या आणि सांगताना कपाळाला हात लावायच्या. आमचं गाव रेवस बंदरापासून दोन कोसांवर. समुद्राच्या बाजूला सुपारीच्या वाड्या, मागे भातशेती आणि उत्तरेच्या टोकाला कोळ्यांची दहा-बारा घरं. रेवसहून मुंबईला बोट जायची आणि अर्धं गाव त्या बोटीने पोटापाण्याला गेलेलं. माझे यजमानही मुंबईला एका पेढीवर कारकून होते, सणावाराला यायचे. कुणी मामंजींना म्हटलं, "एकदा मुंबई तरी बघून या," की ते शांतपणे म्हणायचे, "ती कुठे पळून चाललीय?"

ही हकीगत तीस सालाच्या आगेमागे दोन-तीन वर्षांतली. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाला पोचलेय, तरी ती सांगताना माझा आवाज चढतो. स्वतःवरच चढतो, दुसऱ्या कुणावर नाही.

मामंजी जुन्या पद्धतीने संस्कृत शिकलेले. एके काळी त्यांच्याकडे पाच-सात विद्यार्थी राहायला असत म्हणे, पण इंग्रजी शाळा निघाल्यावर ते सगळे तिकडे पांगले. मग मामंजींनी एक उद्योग काढला. लोकांच्या तोंडचा कुठलाही शब्द उचलायचा, भाजीवालीचा, गाडीवानाचा, सासूबाईंच्या शिव्यांमधला सुद्धा, आणि त्याचं मूळ कुठल्या धातूत आहे ते शोधायचं. लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंच्या चिठ्ठ्या कापून त्यावर लिहायचं आणि अक्षरवार गठ्ठे बांधायचे. अ पासून सुरुवात केली होती. म पर्यंत आले आणि डोळ्यांनी दगा दिला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी घरात आले तेव्हा त्यांना माणसं आवाजावरून ओळखावी लागत होती.

आणि मी कोण? मराठी चौथी पास झालेली, पाचवीत पहिली येईन अशी मास्तरांना खात्री असताना शाळेतून काढून बोहल्यावर उभी केलेली मुलगी. माझ्या वडिलांवरचा तो राग मी सासरी बांधून आणला होता. पहिल्याच महिन्यात मामंजींनी सहज विचारलं, "सूनबाई, अक्षर येतं का तुला?" मी म्हटलं, "येतं म्हणजे काय! तुमच्या मुलापेक्षा चांगलं येतं." सासूबाईंच्या हातातली पळी खाली पडली. मामंजी मात्र खो खो हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून जेवणं आटोपली, भांडी झाली, की तासभर मी पडवीत त्यांच्यासमोर चिठ्ठ्या घेऊन बसू लागले.

सासूबाई चिडायच्या. "सून आणली ती पाणी भरायला, की शास्त्री व्हायला?" असं त्या मला ऐकू जाईल अशा बेताने चुलीला विचारायच्या. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. खरं सांगते, सबंध दिवसात तो एक तास माझा होता. बाकीचे तास विहिरीचे होते, चुलीचे होते, गाईचे होते, सासूबाईंचे होते. त्या तासासाठी मी पहाटे उठून कामं उरकायची आणि कुणी पाहुणा दुपारी टपकला की मनातल्या मनात त्याचा उद्धार करायची.

आम्ही य पासून पुढे निघालो. व ला आलो तेव्हा त्यांनी मला 'वाट' शिकवली. वृत् म्हणजे वळणं, फिरणं. त्यावरून वर्त्मन् म्हणजे रस्ता, आणि त्याची झिजून झिजून झाली वाट. "आता बघ," मामंजी म्हणाले, "आपण एखाद्यासाठी एका जागी बसून राहतो त्याला काय म्हणतो? वाट पाहणं. बसलेला माणूस, पण शब्दात रस्ता आहे." मला हे इतकं आवडलं की भाकरी थापताना मी दोन दिवस तेच घोळवत होते. जग हा शब्द 'जाणे' या अर्थाच्या गम् वरून आला, जे सारखं जातच असतं ते जगत्, हे कळलं तेव्हा तर मी भांडायलाच उठले. म्हटलं, "मग तुम्ही जगात राहून बसून कसे राहता?" ते म्हणाले, "कुणीतरी बसल्याशिवाय जाणारं दिसणार कुणाला?"  

मग आला स. स म्हणजे अर्धी भाषा. आणि त्यात स्था. स्था म्हणजे उभं असणं, राहणं, एवढंच मला वाटत होतं. मामंजींनी सांगितलं की जुन्या लोकांनी त्याचा अर्थ लावला तो वेगळा. त्यांनी म्हटलं, स्था म्हणजे गती थांबणं. "लक्षात येतंय का? त्यांनी आधी चालणं धरलं. चालणं आहेच. ते थांबलं की त्याला स्था म्हणायचं. आपण उलटं समजतो. आपल्याला वाटतं वस्तू मुळात स्थिर असतात आणि कुणी ढकललं तर हलतात." मी चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लिहीत होते. स्थान, अवस्था, आस्था, निष्ठा. मग आमच्या घरातले शब्द: ठाव, ठेवणे. आणि उठणे! उठणे सुद्धा स्थावरूनच. सासूबाई मला रोज पहाटे जो शब्द ओरडून सांगायच्या, त्याच्या पोटात थांबणं होतं. मी इतकी हसले की सासूबाई आतून बघायला आल्या.

त्या साली शिमग्याला हे मुंबईहून आले ते ओळखीच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांना सोबत घेऊन. डॉक्टरांनी मामंजींना अंगणात उजेडात बसवून भिंग लावून पाहिलं. उजवा डोळा पिकलाय, म्हणाले, डावा अजून अर्धा कच्चा आहे. उजव्याची शस्त्रक्रिया पावसाळ्याआधी, बोटी बंद व्हायच्या आत करून घ्या, दृष्टी येईल. मी मुंबईला गेल्यावर व्यवस्था करतो. मामंजी नाही म्हणतील म्हणून आम्ही सगळे दम धरून होतो. ते बराच वेळ बोटांनी धोतराचा काठ चाचपत राहिले. मग म्हणाले, "माझे गठ्ठे मला स्वतःला तपासता येतील?" डॉक्टर हो म्हणाले. "तर मग जाईन," मामंजी म्हणाले. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

मला आनंद झाला का? झाला. त्यांच्यावर माझा जीव होता. पण त्या आनंदाच्या खाली काहीतरी टोचत होतं, आणि ते काय आहे ते मी बघितलं नाही.

जायचं ठरलं म्हणजे मुहूर्त आला. वीस वर्षांनी घर सोडणारा माणूस, तो काय असाच उठून जाणार? पंचांगात चांगला दिवस निघाला तो सोमवारचा. पण मुंबईहून तर अजून पत्रच आलं नव्हतं. अशा वेळी आमच्याकडे प्रस्थान ठेवायची रीत होती. म्हणजे माणसाला त्या मुहूर्तावर निघता येत नसेल, तर त्याचं एखादं वस्त्र, त्यात मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी असं बांधून ते जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं उंबऱ्याबाहेर पडलं की माणूस निघाला असं धरायचं. मग पाच दिवसांच्या आत त्याने खरंच निघायचं. पाच दिवस उलटले तर ते प्रस्थान फुकट, पुन्हा नवा मुहूर्त बघायचा.

रेवस आमच्या उत्तरेला. उत्तरेला कोळीवाडा. सासूबाई अडून बसल्या की मासळीच्या घरात यांचं उपरणं ठेवायचं नाही. मामंजी म्हणाले, "दक्षिणेला ठेवलंत तर मी गोव्याला पोचेन." शेवटी मीच गाठोडं घेऊन कोळीवाड्यातल्या पहिल्या घरी गेले. तिथली कोळीण आमच्याकडे नारळ न्यायला यायची, मोठ्या तोंडाची आणि मोठ्या मनाची बाई. तिला मी सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "ठेवीन की बाय! पन आमच्या घरात सुक्या बोंबलाचा वास. म्हाताऱ्याला चाललं काय?" मी म्हटलं, चालेल. तिने गाठोडं वर आढ्याला बांधलं, खाली उभी राहून बघितलं आणि म्हणाली, "मानूस घरात हाय, नि गेला बी हाय. बामनाचा कारभार लई भारी!"

मामंजींनी हे फार मनावर घेतलं, म्हणजे गमतीने मनावर घेतलं. सोमवारपासून ते आपल्या नेहमीच्या पाटावर बसेनात. "मी निघालोय," म्हणायचे आणि पडवीच्या पायरीजवळ पाहुण्यासारखे टेकायचे. मला म्हणाले, "प्रस्थान लिही चिठ्ठीवर. निघण्याचा शब्द, आणि आत स्था. ते ठेवायचं, म्हणजे पुन्हा स्था. जुनी माणसं शहाणी होती बघ. त्यांना ठाऊक होतं की निघणारा माणूस निघण्याआधी खूप वेळ थांबलेला असतो." मी लिहून घेतलं. ती चिठ्ठी अजून आहे.

मंगळवारी दुपारी टपालवाल्याने कार्ड आणून दिलं. घरात वाचू शकणारी मी एकटी. सासूबाईंना अक्षर येत नव्हतं, मामंजींना दिसत नव्हतं. यांनी लिहिलं होतं, डॉक्टरांनी रुग्णालयात पलंग मिळवला आहे, गुरुवारी सकाळच्या बोटीने निघावे, मी भाऊच्या धक्क्यावर येतो. डोळा आता जास्त दिवस ठेवू नये असे डॉक्टर बजावून सांगतात. आणि खाली माझ्यासाठी दोन ओळी: चष्मा लागला म्हणजे तीर्थरूप आपले आपण वाचू-लिहू लागतील, तुझीही त्या चिठ्ठ्यांच्या जाचातून सुटका होईल.

जाच! माझं डोकंच फिरलं. तीन वर्षं झाली होती लग्नाला, आणि या माणसाला माझ्याविषयी एवढंच कळलं होतं.

"काय म्हणतो?" मामंजींनी विचारलं. सासूबाई दारात हात पुसत उभ्या होत्या. मी कार्डाकडे बघत होते. स चे पंधरा दिवस राहिले होते, मग थोडासा ह, की संपलं. एकदा ते मुंबईला गेले, चष्मा आला, की माझी दुपार गेली. मला जन्मभराचं काही नको होतं. पंधरा दिवस हवे होते, एवढंच. आणि मी वाचून दाखवल्यासारखं करत म्हटलं, "डॉक्टर परगावी गेलेत. पंधरा दिवसांनी यावे, म्हणतायत."

माझ्या आवाजात काही फरक पडला नाही. त्याचंच मला नंतर भय वाटलं.

"अरेरे," सासूबाई म्हणाल्या, "प्रस्थान वाया गेलं." मामंजी म्हणाले, "जाऊ दे. नवा दिवस बघू." आणि मला वाटतं त्यांच्याही चेहऱ्यावर थोडं हायसं आलं, पण ते मला वाटतं, म्हणजे ते खरं असेलच असं नाही. संध्याकाळी मी यांना कार्ड लिहिलं. मामंजींनी सांगितलं होतं, 'बरे, पंधरा दिवसांनी येतो.' मी लिहिलं, 'तीर्थरूपांना ताप आहे, पंधरा दिवसांनी निघतील.' दोन्ही टोकांना मीच होते, त्यामुळे कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. माझं कार्ड पोचायच्या आधी हे गुरुवारी धक्क्यावर येऊन बोट रिकामी होईपर्यंत थांबून परत गेले, हे मला फार उशिरा कळलं.

शनिवारी पाच दिवस उलटले, आणि कोळीण गाठोडं घेऊन दारात हजर. "मानूस गेला न्हाय, मंग ह्ये कशाला टांगून ठेवू?" सासूबाईंचा चेहरा पडला. ठेवलेलं प्रस्थान असं परत घरात येणं अशुभ. मी धावत जाऊन तिला अंगणातच अडवलं, गाठोडं परत तिच्या हातात कोंबलं आणि म्हटलं, "राहू दे गं तुझ्याकडे, थोडे दिवस उशीर झालाय, एवढंच." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुज्या त्वांडावर काय झालंय बाय? बरं न्हाय काय?" मी म्हटलं, ऊन लागलं.

ते दिवस आम्ही दोघांनी झपाटल्यासारखं काम केलं. एका तासाचे दोन तास झाले. संसार हा शब्द आम्ही त्याच दिवसांत केला. सृ म्हणजे सरणं, वाहणं. सगळ्यांनी मिळून वाहत जाणं तो संसार. "आणि लोक म्हणतात, संसार मांडला," मामंजी हसून म्हणाले, "वाहतं पाणी मांडतात!" मी हसले, पण मनात दिवस मोजत होते. काय बिघडतं पंधरा दिवसांनी, असं स्वतःला सांगत होते. सगळ्यांना मी थांबवलं होतं. यांना, सासूबाईंना, मामंजींना, आढ्यावरच्या गाठोड्याला सुद्धा. फक्त त्या डोळ्याला कुणी सांगितलं नव्हतं थांबायला.

बाराव्या दिवशी सकाळी मामंजी ओरडत उठले. तो माणूस कधी ओरडत नसे. उजवा डोळा लालभडक, पापणी सुजलेली, अर्धं डोकं फुटतंय म्हणत होते आणि उलट्या होत होत्या. सासूबाई त्यांच्या पायाशी बसून रडायला लागल्या.  मग मी उठले आणि कोळीवाड्याकडे अनवाणी धावत सुटले. रेवसची सकाळची बोट कधीच सुटली होती.

कोळणीच्या नवऱ्याचा शिडाचा मचवा खाडीत होता. तिने एका शब्दाने काही विचारलं नाही. चौघांनी मामंजींना घोंगडीवर घालून आणलं. दिवस अमावास्येचा, दिशा कोण बघतो, मुहूर्त कोण बघतो! सासूबाई गाईवासरांना सोडून येऊ शकत नव्हत्या, त्यामुळे मी चढले. कोळीण चिखलात गुडघाभर उभी राहून नवऱ्यावर खेकसली, "चल की! पानी उभं हाय तवर काढ भायेर!" भरती संपली होती आणि ओहोटी अजून लागली नव्हती, त्या मधल्या घटकेविषयी ती बोलत होती. मामंजींनी माझा हात घट्ट धरला होता. दातांवर दात दाबून ते म्हणाले, "काय म्हणाली ती? पाणी उभं?" मी म्हटलं, हो. "लिहून ठेव," म्हणाले आणि पुन्हा कण्हायला लागले. मला ओक्साबोक्शी रडू आलं. सुकाणू धरलेला नाखवा, कोळणीचा नवरा, म्हणाला, "रडू नको बाय, वारा चांगला हाय."

रुग्णालयात डॉक्टरांनी डोळा पाहिला आणि निरोप मिळताच धावत आलेल्या यांना बाजूला घेतलं. मी मागेच उभी होते. "आठ दिवस आधी आणायचं होतं," ते म्हणाले. "तुम्ही येणार होतात ना त्या गुरुवारी?" हे म्हणाले, "वडिलांना ताप होता." त्यांनी ते माझ्याच कार्डावरून सांगितलं.  शस्त्रक्रिया केली ती कळा थांबाव्यात म्हणून. उजव्या डोळ्याने मामंजींना त्यानंतर उजेड सुद्धा दिसला नाही.

दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि सक्त ताकीद: मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. असे आठ दिवस. मी दिवसभर उशाशी बसायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ओठ न हलवता ते बोलले. "मुली, थांबायला एवढे कष्ट पडतात हे मला ठाऊक नव्हतं. अंगातलं सगळं हलायला बघतंय आणि एकेकाला धरून ठेवावं लागतंय. घरी वीस वर्षं मी बसलो ते थांबणं नव्हतं. ते नुसतं न जाणं होतं." मी सांगणार होते, तेव्हाच. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यांना धक्का बसेल असं काही बोलू नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि मी त्या सबबीला घट्ट धरून बसले.

डावा डोळा पिकेपर्यंत मामंजींना मुंबईलाच ठेवायचं ठरलं. मी शेवटच्या बोटीने परत आले, कारण सासूबाई एकट्या होत्या. तो सबंध पावसाळा आम्ही दोघींनी एकमेकींशी मोजकं बोलून काढला. त्या म्हणायच्या, "नशिबात होतं." मी म्हणायची, "हो." श्रावणात कार्ड आलं की डावा डोळा केला, यश आलं, दिसायला लागलं. सासूबाईंना मी ते तीनदा वाचून दाखवलं. प्रत्येक वेळी अक्षर न् अक्षर, जसंच्या तसं. मग मी परसात निघून गेले. त्यांना दिसायला लागलं होतं, आणि यांच्या ट्रंकेत माझं कार्ड होतं.

मामंजी दसऱ्यानंतर आले. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळला. जाड भिंगाचा चष्मा, उजवी पापणी मिटलेली आणि आत गेलेली. त्यांनी सगळ्यांत आधी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "अगं, तू एवढीशीच आहेस होय?" ते म्हणाले. "आवाजावरून मला वाटलं होतं चांगली उंचनिंच असशील." सगळे हसले. मी वाकून नमस्कार केला तो मान वर न करताच आत गेले.

जेवणं झाली. भांडी झाली. त्यांनी हाक मारली, मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन पडवीत जाऊन बसले. त्यांनी खिशातून एक कार्ड काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "वाच."

माझं अक्षर होतं. मी वाचलं. तीर्थरूपांना ताप आहे, पंधरा दिवसांनी निघतील.

"हे मी सांगितलं होतं?"

"नाही."

"डॉक्टर परगावी गेले होते?"

"नाही."

मग मी सगळं सांगून टाकलं. रडले नाही, पाया पडले नाही, एका दमात सांगितलं. स चे पंधरा दिवस हवे होते. तुमच्या डोळ्यांचं असं होईल हे ठाऊक नव्हतं, पण डॉक्टरांनी बजावल्याचं पत्रात होतं आणि मी ते वाचलं होतं. कारण हे एवढंच आहे, दुसरं नाही.

मामंजींनी कार्ड परत खिशात ठेवलं.  मग म्हणाले, "मला विचारायचंस. पंधरा दिवस हवे होते तर मागायचेस. मी कळत-सवरत थांबलो असतो, आणि डोळा गेला असता तर माझा मी घालवला असता."

त्यांनी मारलं असतं तर मला सोसलं असतं. हे सोसलं नाही. सुनेने काही मागायचं असतं आणि ते मिळूही शकतं, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. पण माझं तोंड! ते नको तेव्हाच उघडतं. मी म्हटलं, "आणि पंधरा दिवसांनंतर? डोळे आल्यावर मला हाक मारली असतीत?"

बोलले आणि जीभ चावली. ज्याचा डोळा मी घालवला त्याला मी जाब विचारत होते.  मी सकाळपासून जिच्याकडे बघायचं टाळत होते त्या मिटलेल्या पापणीकडे पाहिलं, आणि बघत राहिले. उठून जा म्हणतील, म्हणून मी गठ्ठा गोळा करायला लागले.

मामंजींनी दोन्ही हातांनी चष्मा काढला. काड्या मिटल्या, चष्मा आपल्या मागे, माझा हात पोचणार नाही असा चटईवर ठेवला, आणि चाचपडत चिठ्ठ्या माझ्याकडे सरकवल्या.

"मला दिसत नाही," ते म्हणाले. "वाच."